शालनमावशीचे मैल

गोळी बाईंच्या हातावर ठेवण्याआधी शालनमावशी रोज पाकीट उलटं करून मुदतीची तारीख वाचायची. तेच पाकीट कालही वाचलेलं असायचं, तरी वाचायची. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशीला इंग्रजी महिने आले ते या पाकिटांवरून.

वाशिंदहून मुंबईला ती पेशंट सांभाळायला जायची, सोमवार ते शनिवार. त्या घरातल्या मोठ्या बाई व्हीलचेअरवर होत्या आणि त्यांची मुलगी कोलकात्याला. म्हणून वर्षातून दोनदा विमान. खिडकी बाईंची, मधली सीट मावशीची, मांडीवर औषधांची पिशवी. तीन वर्षं ती अशी गेली-आली, पण बाहेर काय असतं ते तिनं पाहिलं नव्हतं.

मार्च २००६ मध्ये साहेबांनी, म्हणजे बाईंच्या मुलानं, एक कागद तिच्यापुढे ठेवला. "इथे सही कर."

मावशीनं सवयीनं आधी तारीख शोधली. ३१ मार्च. मग वर पाहिलं, तर तिचं स्वतःचं नाव.

"माझं नाव कशाला?"

साहेब हसले. विमान कंपनीची योजना होती. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा, पुरेसे साठले की एक तिकीट फुकट. तिच्या नावाचा फॉर्म त्यांनीच भरला होता. पण मैल प्रत्येक फेरीपासून तीन वर्षंच टिकत. सगळ्यात जुनी फेरी या महिनाअखेर बाद होणार होती, आणि मग उरलेल्यांत तिकीट बसत नव्हतं. तिनं सही केली की तिकीट साहेबांच्या भाच्याला मिळणार होतं.

"तिकिटं तुम्ही काढलीत, तर तुमच्या नावावर का नाय?"

"जो सीटवर बसतो, त्यालाच मिळतात. नियमच आहे तसा."

"मग माझेच की," मावशी म्हणाली आणि कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

शनिवारी घरी माझ्या आईनं, म्हणजे सकुबाईनं, कपाळाला हात लावला. "येडी हायस काय गो? पैसं त्यांनी भरलं ना?"

"बियाणं जमीनवाल्यानं दिलं, म्हणून भात सगळा त्याचा व्हता काय? आपल्या आजानं शापूरला मामलेदारापुढं काय सांगितलं व्हतं? जमीन कुणी कसली, ते बघा."

"आजाला नोकरी नव्हती जायाची."

"जमीन व्हती जायाची."

मंगळवारी दुपारी बाई झोपल्यावर ती कंपनीच्या ऑफिसात गेली. मतदार ओळखपत्र पुढं केलं आणि नागपूरचं तिकीट मागितलं. दीक्षाभूमी तिनं फोटोतच पाहिली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, दसरा, दिवाळी, मे महिना फुकट सीट नाही."

"बाबासाहेब काय दसऱ्यालाच भेटतात? आत्ताचं दे. आणि खिडकी दे."

तिकीट शुक्रवारचं निघालं. रजा मागितली तेव्हा साहेब आवाज न चढवता म्हणाले, "जा. मग परत येऊ नकोस."

मावशीनं कोणती गोळी कधी द्यायची ते सगळं कागदावर मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवलं, बाईंच्या पाया पडली आणि निघाली. बाई तिचा हात सोडत नव्हत्या. 

रविवारी संध्याकाळी ती पांढरी साडी नेसूनच घरी आली. तिच्या जागी कामाला दुसरी बाई ठेवल्याचा साहेबांचा निरोप तिच्या आधी पोचला होता. आईनं तो सांगितला, ताट वाढलं आणि समोर बसली.

"पोटभर उडलीस ना? आता खाशील काय?"

मावशीनं भात कालवला, एक घास घेतला.

"आता वरण-भात खाते. मीठ सरकव गो इकडं, घालायचं इसरलीस."