चहा सोडल्याची एकोणीस वर्षं

बेलवलीच्या घरातून बंगळुरूला निघालो त्या सकाळी खाली रिक्षा उभी होती, बाबा तिच्यात माझी बॅग कोंबत होते आणि आई जिन्यातून सांगत होती, पोचल्यावर आधी फोन, मग आंघोळ. मी सव्वीस वर्षांचा होतो. घर सुटल्याचं जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नव्हतं, याचीच मला जास्त काळजी लागली होती. कोपऱ्यावर मागे वळून पाहायचं ठरवलं होतं, पण मांडीवरच्या बॅगेमुळे मान वळली नाही.

तायडे, तू लग्न करून मस्कतला गेलीस, तुला हे कळेल. घर सोडलेला माणूस पहिल्या सुट्टीला येतो तेव्हा त्याला काहीतरी मिरवायचं असतं. तू अत्तरं आणलीस, मी कॉफी आणली. बंगळुरूत ऑफिसखाली उभ्याने पितात ती फिल्टर कॉफी मला लागली, आणि व्यसनासारखी नाही, विद्वत्तेसारखी लागली. चिकोरी किती असावी, डिकॉक्शन किती वेळ ठेवावं, यावर मी न विचारता बोलू लागलो. पुढे घरात ग्राइंडर आला, ग्रॅम मोजायचा काटा आला. आता बायको पाहुण्यांना दारातच बजावते, यांना कॉफीबद्दल काही विचारू नका.

तर त्या पहिल्या सुट्टीत आईनं चहा पुढे केला आणि मी म्हणालो, "मी चहा सोडला."

आपल्या घरचा कॉफीचा कायदा घरी राहिलेल्यांना ठाऊक आहे, बाहेरगावी गेलेले विसरले असतील. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून शिफ्ट करून आले की चहा, परीक्षेचा अभ्यास असला की चहा, भांडण मिटलं की चहा. कॉफी दोघांनाच, आजाऱ्याला आणि पाहुण्याला. दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या फुलाफुलांच्या कपबशीत. "घरच्याला कॉफी कशाला?" हे बाबांचं वाक्य. आईनं त्या दिवशी वाद घातला नाही, शोकेसमधून कपबशी काढली. मी बाहेरच्या खोलीत ऐटीत बसून कॉफी प्यायलो आणि पुढची एकोणीस वर्षं प्रत्येक सुट्टीत पीत राहिलो. मला वाटायचं, माझे लाड चाललेत.

यंदा बायकोची बदली ठाण्याला झाली. माझं काम घरूनच चालतं. आईच्या घरावरचा फ्लॅट त्याच्या मालकाला भाड्याने द्यायचा होता. आम्ही परत येतोय हे सांगायला मी बेलवलीला आलो. बाबा आता नाहीत. आई, धाकटा संज्या आणि त्याची बायको ओट्याशी उभं राहून चहा पीत गॅस बुक कुणी करायचा यावर भांडत होते. माझी कॉफी मात्र ट्रेमधून बाहेर आली, सोबत गोल मांडलेली बिस्किटं. आईनं विचारलं, "किती दिवस आहेस?"

मी "बघू" म्हणालो. तीन दिवस असेच गेले. मी आत गेलो की भांडण थांबायचं, संज्या पंख्याखालची खुर्ची सोडायचा. मी इथेच राहणार, असं पाहुण्यानं कुठल्या तोंडानं सांगायचं? घरात बूड टेकेना. मांजर्लीत नदीपर्यंत चालत जायचो, तसाच परत यायचो. वाटेत पाच कॅफे लागले. ज्या गावाला मी कॉफी शिकवायला निघालो होतो ते गाव लॅपटॉप उघडून कॅपुचिनो पीत बसलं होतं.

चौथ्या दिवशी आईच मला सोनिवलीच्या रस्त्यावरच्या एका कॅफेत घेऊन गेली. विहारातल्या बायका महिन्यातून एकदा तिथं बसतात, हे मला तेव्हा कळलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "जयभीम आजी, नेहमीचंच ना?" आईचं नेहमीचं म्हणजे कोल्ड कॉफी, वर आइस्क्रीम. मी बिया कुठल्या म्हणून चौकशी सुरू केली तशी आईनं मला कोपरानं ढोसलं.

तिथं आम्ही दोघंही गिऱ्हाईक होतो म्हणून असेल, मी एका दमात सगळं बोलून टाकलं. आईनं स्ट्रॉनं आइस्क्रीम खाली दाबलं.

"राहायला येणार असशील तर चहा प्यावा लागेल," ती म्हणाली. "रोज उठून तुझी कपबशी कोण काढणार?"

"पिईन."

"साखरेचा."

"पिईन म्हटलं ना, आई."

"मग संज्याला सांगते, वरची चावी मागून ठेव."

आता वर राहायला येऊन दोन महिने झाले. चहा अजून घशाखाली गोड गोळ्यासारखा उतरतो, ॲसिडिटी होते. चार वाजले की पाय सोनिवलीकडे वळतात, आणि तिथं बसलं की बंगळुरूची गल्ली आठवते. म्हणजे चैन इथंही नाही. बाहेर असलेले तुम्ही सगळे फोनवर विचारता, परत जाऊन जमतं का रे? मला अजून सांगता येत नाही. पण सकाळी खाली उतरतो तेव्हा काय घेणार असं कुणी विचारत नाही. स्टीलचा पेला हातात येतो आणि आई मागे न बघता म्हणते, "पिऊन झालं की मोटर बंद कर, टाकी भरली असेल."