बिनधुराची बारूद

आमच्या घरी भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. आई-बाबा दोघेही तेलंगणातल्या तामसीत शिक्षक, आणि दोघांनाही सभांची हौस. व्यसनमुक्ती, बालविवाह, अंगारे-धुपारे, फटाक्यांचा धूर, ज्या विषयावर सभा झाली त्याचे उरलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली आणि पुढं स्वतःच पत्रकं लिहू लागले. चूक दिसली की बोलायचं, एवढं एकच वळण घरातून मिळालं. ते किती महाग पडतं हे पत्रकात छापलेलं नव्हतं.

बाबा खेळाचे शिक्षक. शालेय स्पर्धांत शर्यत सुरू करून देण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं. त्यांच्याजवळ शाळेचं एक जुनं पिस्तूल असतं. त्याची नळी आतून बुजवलेली आहे, गोळी सुटूच शकत नाही. नुसता आवाज आणि धूर. त्याची पितळी काडतुसं उडाली की पुन्हा भरावी लागतात. आदिलाबादच्या परवान्याच्या दुकानातून बाबा बारूद आणतात, ओसरीत बसून काडतुसं भरतात आणि वरून कागदाचं गोल बूच बसवतात. कागद अर्थातच पत्रकांचा. त्या वर्षी हुंड्यावरचं माझं पत्रक कामाला आलं होतं.

“तुझं लिखाण एवढ्या जोरात पहिल्यांदाच वाजन,” बाबा म्हणाले.

ते नेहमी काळी बारूद आणायचे. तिचा धूर दाट, वास उग्र, आणि दोन-चार बार झाले की पिस्तुलात काजळी धरायची. आदल्या साली एका मुलीनं बाराआधीच घाई केली, म्हणून बाबा शर्यत थांबवण्यासाठी दुसरा बार काढू गेले, तर घोडा अडकला. पोरी बिचाऱ्या शेवटपर्यंत पळाल्या आणि धापा टाकत परत आल्या. त्यावरून मी बाबांच्या मागं लागले होते.

“फटाक्याच्या धुरावर पत्रकं वाटता, अन् पोरींच्या तोंडावर सोताच धूर करून राह्यले तुमी.”

“बरं बाई. याच्या बाद साफ जळणारी आणू.”

दुकानदारानं दुसरा डबा काढून दिला. “ये लीजिए सर. न धुआँ, न कालिख.” बाबांनी घरी एक बार काढून पाहिला. आवाज कडक, नळी स्वच्छ, धूर नावाला. आम्ही दोघंही खूश झालो. जुन्या बारुदीची काही काडतुसं शिल्लक होती, ती आधी वापरून संपवायची असं ठरलं.

जिल्ह्याच्या निवडीच्या दिवशी शंभर मीटरसाठी मुलींमधून एकच जागा होती. जिची वेळ सगळ्यांत कमी, ती पुढच्या स्पर्धेला जाणार. उटनूरकडच्या मुलींना परतीची बस लांबची, म्हणून त्यांची तुकडी सकाळी पळाली. तामसी आणि जैनथच्या मुली दुपारी. त्यांत माझी धाकटी बहीण होती. वर्षभर ती पहाटे सोयाबीनच्या शेताकडच्या रस्त्यावर पळत होती. निवड झाली तर तिला खेळाच्या वसतिगृहात जागा मिळण्याची आशा होती. घरी दुसरा विषयच नव्हता.

मी अंतिम रेषेवर घड्याळ घेऊन उभी होते. बाबांनी हे काम मला लहानपणीच शिकवलं होतं: कान बंद, डोळे उघडे. पिस्तुलातून धूर दिसला की घड्याळ दाबायचं, आवाजाची वाट पाहायची नाही. धूर त्याच क्षणी दिसतो, आवाजाला शंभर मीटर यायला वेळ लागतो. सकाळी दाट भपकारा निघाला आणि आम्ही तिघा घड्याळवाल्यांनी त्यावर बोट दाबलं. उटनूरची एक काटक मुलगी पहिली आली.

जुन्यांतलं एकच काडतूस उरलं होतं आणि थांबवण्याच्या बारासह दोन लागतात, म्हणून दुपारी बाबांनी पिस्तुलात नवी भरली. ऊन डोळ्यांवर होतं. मी पिस्तुलावर नजर रोखून होते, पण काहीच दिसलं नाही. आवाज आला तेव्हा बोट आपोआप दाबलं गेलं. शेजारच्या दोघांचंही तसंच झालं, हे त्यांच्या दचकण्यावरून कळलं. बहीण सगळ्यांच्या पुढं आली. तिची वेळ उटनूरच्या मुलीपेक्षा थोडी कमी भरली, आणि तिच्या स्वतःच्या नेहमीच्या वेळेपेक्षा तर खूपच कमी.

ती येऊन माझ्या गळ्यात पडली. “ताई! पायलं का?”

मी घड्याळ पाहत होते. घड्याळ उशिरा सुरू झालं होतं. जेवढा उशीर, तेवढी तिची वेळ कमी. तो उशीर दोघींमधल्या फरकाहून मोठा होता.

मी निवड समितीच्या प्रमुखांकडं गेले. ते एक वयस्कर मुख्याध्यापक होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

“तुमच्याच घरची पोरगी पुढं हाय, अन् तक्रार बी तुमचीच?”

“तक्रार नाही सर. सकाळी धुरावर वेळ घेतली, दुपारी आवाजावर. दोन मापं झाली.”

त्यांनी बाबांना बोलावलं. बाबांनी पिस्तूल हुंगलं, माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. “पोरगी बरोबर म्हणून राह्यली,” एवढंच बोलले. पहिल्या दोघींना एकत्र पळवायचं ठरलं. तिसरी दोघींच्याही फार मागं होती.

बहिणीचा चेहरा उतरला. “मी आत्ताच पळाली. ते पोरगी सकाळपासून सावलीत बसून हाय. हे काऊन नाई दिसत तुले? तुह्या पत्रकात बसत नाई म्हणून?”

उटनूरची बस सुटणार होती, फार वेळ थांबता येत नव्हतं. प्रमुखांनी तिला पाणी पिऊन दम घ्यायला सांगितलं, तेवढंच. उटनूरची मुलगी कावरीबावरी होऊन आपल्या शिक्षिकेला तेलुगूत विचारत होती, “मल्ला उरकाल्ना?” पुन्हा पळायचं का, म्हणून. तिलाही कोणी नीट काही सांगितलं नव्हतं.

बाबांनी खिशातून सकाळचं उरलेलं काडतूस काढलं. दोघी एकत्र पळणार, तर घड्याळाची काय गरज, असं प्रमुख म्हणाले.

“वरती पाठवाची वेळ खरी पाह्यजे, सर,” बाबा म्हणाले.

दाट धूर निघाला. अर्ध्या वाटेपर्यंत बहीण पुढं होती. शेवटी उटनूरची मुलगी छातीभर पुढं निघाली आणि पुढच्या स्पर्धेला तीच गेली.

बसमध्ये बहीण माझ्यापासून लांब बसली. घरीही बरेच दिवस ती फक्त आईशी बोलायची. तिची दमछाक झाली नसती तर काय झालं असतं, हे मला आजही माहीत नाही. बोलले नसते तर काय झालं असतं, हे मात्र नक्की माहीत आहे. एकदा बाबांनी नव्या बारुदीचा डबा उचलला आणि म्हणाले, “साफ तर हाय, पण आपल्या कामाची नाई.” दुकानात परत देऊन ते काळी घेऊन आले. तेव्हापासून दर बारानंतर ते पिस्तूल पुसून घेतात. काजळीनं बोटं काळी होतात, मी आता त्यावर काही बोलत नाही.

यंदा बहीण पुन्हा रेषेवर उभी राहिली. मी पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन. बाबांनी पिस्तूल वर उचलण्याआधी ती सरळ झाली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, “ताई, धूर पाय! मले नको पाहू!”

सगळे हसले. ती वाकली. मी तिच्यावरची नजर काढली आणि बाबांच्या हातावर ठेवली. दाट भपकारा निघाला, मी घड्याळ दाबलं, आणि आवाज नंतर आला.