पाळीचा घास

परक्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं दत्तकपत्र दोनदा उलटून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला काचेच्या दारामागे नेलं. मी आणि दोन वर्षांची चिमी बाहेर बाकावर बसून राहिलो. तिला आमच्या घरी येऊन जेमतेम महिना झाला होता.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी दहीभाताचा डबा उघडला. एक घास खाऊन तिनं ओठ मिटले. पहिल्या दिवसांत मला वाटायचं, हिला माझ्या हातचं आवडत नाही. मग ती आधी जिथं वाढली त्या संस्थेतल्या मावशी म्हणाल्या, "अहो, इथं सहा पोरांना एकाच वाटीतनं भरवतो. पाळी येईस्तोवर ती गप्प बसते." तेव्हापासून आम्ही तिघं पाळीनंच जेवतो.

मी माझा घास खाल्ला. तरी ती तोंड उघडेना.

"खा गं, बाबा येतील," मी म्हटलं.

मूल आपलं झालं हे नेमकं कुठल्या क्षणी ठरतं, कोण जाणे. आत ते कागदांवरून ठरवत होते. बाहेर चिमी मिटल्या ओठांनी काचेच्या दाराकडे बघत होती. मधली पाळी बाबाची होती, आणि ती सोडून पुढं जायला ती तयार नव्हती.