कणकेचा डबा

पिपलानीतल्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरला तो नेहमी मागच्या दारानं यायचा. पॅलेस्टाईनचा होता, भोपाळला संध्याकाळच्या वर्गात माझ्याबरोबर कायदा शिकायचा. तिकडचं त्याचं विद्यापीठ सैनिकांनी बंद केलं होतं. मग प्राध्यापक आपापल्या घरी चोरून वर्ग घ्यायचे आणि विद्यार्थी एकेकटे, रोट्यांच्या फडक्यात पुस्तक बांधून जायचे.

इथं कसली भीती, असं मी त्याला रोज म्हणायचो. तो हसायचा आणि दाराकडे तोंड करूनच बसायचा.

एका दुपारी फाटकापाशी स्कूटर थांबली. मी मान वर करेपर्यंत त्यानं दोघांची पुस्तकं कणकेच्या डब्यात खुपसली होती आणि माझ्या मुलीची पाटी मांडीवर घेऊन तो तिला पाढे विचारत होता. आवाज शांत होता. टाउनशिपचा प्लंबर नळ बघायला आला होता.

"आदत है, भाईसाहब," तो नंतर म्हणाला. "जाएगी नहीं."

विद्यापीठ उघडल्याचं कळलं तसा तो उरलेला कायदा शिकायला परत गेला. दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

अजूनही फाटकापाशी स्कूटर थांबली की मुलगी कणकेच्या डब्याचं झाकण काढते आणि पुस्तकासाठी माझ्यापुढे हात करते.