अर्धीच गोष्ट नेणारे लोक

फोन आला तेव्हा मी सांबऱ्याला भाचीकडे होते. निपाणीहून शेजारीण बोलत होती, "विमलाक्का गेली गं. पहाटं, झोपेतच." मला रडू आलं नाही, राग आला. तिची छाती लहानपणापासून तंबाखूनं पोखरलेली, आणि जन्मात कधी तिनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नव्हती. तिची आई वखारीत तंबाखू चाळायची आणि तान्ही विमल तिथंच पोत्यावर निजवलेली असायची. पुढं ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागली, गाव तिला मॅडम म्हणायला लागलं, पण खोकला काही गेला नाही... आता तिला जाऊन दीड महिना झाला. राग अजून उतरलेला नाही, फक्त आता तो दुसऱ्या लोकांवर आहे.

मी बोरगावची, ती निपाणीची. कॉलेजात एका बाकावर बसलो आणि मग आयुष्यभर भांडत राहिलो. आम्ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची माणसं, तुलना करणं आमच्या अंगातच मुरलेलं. पेट्रोल कुठं स्वस्त, उसाला कुठला कारखाना जास्त देतो, इकडं बायकांना बस फुकट झाली तर तिकडं काय मिळालं, यावर इथं चहाच्या कपासोबत निकाल लागतात. विमलाक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पलीकडचं अंगण सगळ्यांस्नी दिसतंय. पलीकडची चूल कुणी बघितलीया?" तिनं बघितली होती.

तरुणपणी शिष्यवृत्ती मिळाली आणि ती वर्षभर पूर्व बर्लिनला राहून आली. तेव्हा भिंत उभी होती. माणसं तीच, भाषा तीच, भिंतीच्या एका अंगाला समाजवाद आणि दुसऱ्या अंगाला भांडवलशाही. तिच्या शेजारी दवाखान्यात काम करणारी एक नर्स राहायची. तिची सख्खी बहीण भिंतीपलीकडे. आमच्या बाईला भारताचा पासपोर्ट दाखवून पलीकडं जाता यायचं, त्या नर्सला यायचं नाही. मग काय, दोन बहिणींची निरोपी झाली विमलाक्का.

पलीकडच्या बहिणीचा फ्रिज भरलेला, दारात मोटार, बुटांच्या दुकानात गेलं की काय घेऊ नि काय नको असं व्हायचं. पण मूल झाल्यावर सांभाळायला कुणी नाही म्हणून तिनं नोकरी सोडली होती, आणि स्वतःसाठी काही घ्यायचं तर नवऱ्याच्या तोंडाकडं बघायची. अलीकडच्या बहिणीला साध्या बुटांसाठी रांग लावायला लागायची. शेजारी ऐकेल म्हणून ती घरातसुद्धा हळू बोलायची. पण सकाळी मुलाला कोपऱ्यावरच्या पाळणाघरात सोडून ती ताठ मानेनं कामावर जायची. दोघींनी विमलाक्काला एकच विचारलं होतं, बिचारी माझी बहीण कशी आहे? वर्गात ही गोष्ट सांगताना ती इथं थांबायची... आणि मुलांना विचारायची, यातली बिचारी कोण?

ती स्वतः आडपडदा ठेवायची नाही. संपत्ती पश्चिमेनं जास्त निर्माण केली, पुष्कळ जास्त, असं स्वच्छ सांगायची. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून ज्या राज्याला भिंत घालावी लागते, ते राज्य फसलेलंच, हेही सांगायची. आणि मग म्हणायची की ज्या बाईच्या कडेवरचं पोर घ्यायला कुणी नाही, तिच्या घराला भिंत नसली तरी ती जाणार कुठं?

हे अख्खं ऐकायची इथं कुणाची तयारी नव्हती. कामगारांच्या पुढाऱ्यांनी तिला बोलावलं आणि पाळणाघराशी आल्यावर टाळ्या वाजवल्या. भिंतीचा विषय निघाला तसा वेळ संपल्याची चिठ्ठी आली. मग व्यापाऱ्यांच्या मंडळानं बोलावलं. तिथं भरलेल्या फ्रिजला टाळ्या पडल्या, आणि नोकरी सोडलेल्या बाईपर्यंत येईतो निम्मे लोक जेवायला उठले. परत येताना ती मला म्हणाली, "माझी गोष्ट अर्धी कापून न्हेत्यात गं. उरल्याली अर्धी मी कुठं ठिवू?" पुढं दोघांनीही तिला बोलवायचं सोडलं. एकाला ती भांडवलदारांची वाटली, दुसऱ्याला लाल.

ती उरलेली अर्धी तिनं वखारीच्या गल्लीत ठेवली. एका ट्रस्टची पडीक खोली होती, ती मागून मागून मिळवली आणि तिथं वखारीतल्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर काढलं. व्यापाऱ्याकडून पत्रे उपटले, युनियनवाल्याकडून रंग उपटला. निवृत्त झाल्यावर तर ती दिवसभर तिथंच असायची. त्या खोलीत वाढलेली पोरं आज बेळगावात नोकऱ्या करतात. त्यांच्या छात्या धड आहेत, एवढंच मी सांगेन.

आणि आता ऐका. शोकसभा झाली. एकानं तिला समाजवादाची निष्ठावान पाईक म्हटलं, दुसऱ्यानं तिला समाजवादाचा फोलपणा ओळखलेली विदुषी म्हटलं. मी दात ओठ खात बसले. मग ट्रस्टची बैठक झाली. जन्मभर ज्यांचं एकाही गोष्टीवर पटलं नाही, ते व्यापारी आणि ते पुढारी तिथं एकमतानं बोलले. पाळणाघर बंद करायचं आणि त्या खोलीत विमलाक्काच्या नावानं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका काढायची. एवढी मोठी अर्थतज्ज्ञ, तिचं स्मारक म्हणजे काय पोरांची झोळी का? असं म्हणाले. अभ्यासिकेशी माझं वैर नाही. पण गावात रिकाम्या खोल्यांचा दुष्काळ पडलाय का?

दाराशी शेवंता उभी होती, वखारीतून तशीच आलेली, केसांवर धूळ. तिनं विचारलं, "आक्कांचं नाव लावा की. पर पोरगं कुठं ठिवू, तेवढं सांगा."

अध्यक्ष म्हणाले, घरी ठेवा, आजी असेल की.

"आजी बी वखारीतच हाय," शेवंता म्हणाली.

अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. कोनशिलेचा दगड कुठून आणायचा, हा तो विषय. मी उठून सांगितलं, "आधी पाळणाघरात जावा. झोळीतलं एकेक पोर उचला, वखारीत न्हेऊन त्याच्या आईजवळ तंबाखूत निजवा. मग काय बसवायचा तो दगड बसवा." मला शांत व्हायला सांगण्यात आलं. वय झालंय, असंही कुणीतरी पुटपुटलं.

तेव्हापासून मी रोज बसनं निपाणीला जाते. दुपारी पोरं निजतात. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या संथ हलत असतात आणि पलीकडच्या वखारीतून चाळण्यांचा आवाज येतो. या वेळी विमलाक्का दाराला पाठ लावून पेपर वाचायची, पान उलटताना कागद वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद उलटायची. मला ते जमत नाही, माझा पेपर वाजतो. परवा शेवंताचं पोरगं त्या आवाजानं जागं झालं, उठून आलं आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून परत झोपलं. सोमवारी खोली रिकामी करायला माणसं येणार आहेत म्हणे. येऊ देत. मी दाराला पाठ लावून बसलेली असेन.