गोमा कच्चं मांस खाईना

...तर गोमा वाडग्यापुढे नुसता बसलेला. काल इथपर्यंत आलो आणि तुम्हाला जेवायची हाक आली.

गोमा म्हणजे आमच्या शेजारच्या शिगेयोवहिनींचा म्हातारा कुत्रा, रंगाने भाजलेल्या तिळासारखा. वहिनींनी उभा जन्म आसो ज्वालामुखीच्या पायथ्याच्या या गावात लोकांचे केस कापले. गावातल्या बहुतेक पुरुषांचे कान त्यांनी एकदा तरी धरून वाकवलेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फारसं बोलत नाही. फक्त त्यांचा नवरा योइची बोलतो. तो थांबतच नाही.

गोमाला खाज सुटली होती. पोटावरचे केस गेले, खाजवून खाजवून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, मिसोचं सार घातलेला भात बंद. फुकुओका शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवरून फर्मावलं, "आई, कुत्र्या-मांजराला कच्चं मांस सुरू कर. पण वाडगे टेबलापासून लांब ठेव आणि हात साबणाने धू." डॉक्टरांनीही मान डोलावली.

आमच्याकडे घोड्याचं कच्चं मांस किसलेलं आलं नि सोया सॉस लावून माणसंच खातात. तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. वहिनींनी चांगलं ताजं मांस आणलं, जोडे काढतो त्या दाराशी दोन वाडगे मांडले आणि आत जाऊन हात धुतले. मांजरीने आपला वाडगा पुसून काढला. गोमा बसला. तोंडातून लाळेची तार लोंबतेय, डोळे वहिनींवर, पण मांसाला तोंड लावायचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. वहिनींनी मांस कोमट केलं, वर सुक्या माशाचा कीस भुरभुरला. नाहीच. खाटकाकडे तक्रार नेली तर तो चिडला.

"वहिनी, हे मांस लोक पाहुण्यांना वाढतात! कुत्र्याची जीभ तपासून घ्या."

"जीभ ठीक आहे. तुमचा सुरा तपासा."

डॉक्टरांनी गोमाच्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर सलाईन लावू. पण या वयात मी शब्द देत नाही."

दुपारी मी गेलो तर वहिनी दाराच्या पायरीवर बसलेल्या. गोमाच्या पाठीवर ठेवलेला हात काही उचलत नव्हत्या.

"भात देऊन टाकू," योइची म्हणाला.

"म्हणजे पुन्हा रक्त."

"मग मी खाऊन दाखवतो त्याला."

"अहो, तुम्ही काय कुत्र्याचे मास्तर?"

पण योइची ऐकतोय कुठे! स्वतःची बशी घेऊन आला, जोड्यांच्या रांगेत मांडी घालून बसला आणि जेवायला बसल्यावर आम्ही सगळेच करतो तसे हात जोडून म्हणाला, "इतादाकिमासु."

त्याच्या जेवायच्या काड्या बशीपर्यंत पोचायच्या आत गोमाचा वाडगा रिकामा! वर तो वाडगा चाटत चाटत माझ्या बुटापर्यंत ढकलत आला.

भानगड अशी, की पिल्लू असताना योइचीच्या आईने त्याला शिस्त लावली होती: घरच्यांनी हात जोडून म्हटल्याशिवाय अन्नाला तोंड लावायचं नाही. टेबलाशी ते आपोआप व्हायचं. दाराशी कोण हात जोडणार? मांजर बाहेरून आलेली, तिला कुठलं वळण! हा बिचारा सभ्यपणापायी उपाशी मरत होता.

योइचीने मात्र वेगळाच निष्कर्ष काढला. गोमाला पंगतीला माणूस लागतं, आणि तेही योइचीच. तेव्हापासून तो तिन्ही वेळा आपलं ताट घेऊन दाराशी बसतो. गोमाच्या पोटावर केस आले, नवी लव चांगली दाट आहे. योइची गावभर सांगतो, "मी होतो म्हणून वाचला!"

परवा वहिनी एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलंच, "वहिनी, नुसते हात जोडले तरी गोमा खाईल. तुमच्या लक्षात नाही आलं?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दोघं शेजारी शेजारी जेवत होते. मग म्हणाल्या, "त्याच दिवशी आलं. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला जेवताना बातम्या शेवटपर्यंत ऐकू येतायत. तुम्ही गप्प बसायचं काय घ्याल, ते सांगा."