आसरांच्या हातातल्या बांगड्या

गोष्टीचं शेवटचं पान तीन वेळा लिहून झालं आहे, आणि तिन्ही वेळा मी मध्येच उठून स्वयंपाकघरात गेले आहे. तिथे काम काही नसतं. ग्लासभर पाणी घेते, अर्धं पिते, परत येते. संपादकांचा फोन रोज येतो. ते रागावत नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी वाशीमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. काही वर्षांपासून मुलांच्या एका मासिकासाठी साहसाच्या चित्रकथा लिहिते. चित्रं एक तरुण चित्रकार काढतो, मी त्याला अजून पाहिलेलं नाही. आमची नायिका तेरा वर्षांची, सायकलवर गावोगाव फिरणारी, कपाळाला बॅटरी बांधलेली. दर अंकात तिची गाठ जुन्या गोष्टींतल्या कुणाशी तरी पडते. चकव्याच्या रानातून ती फोनमधला नकाशा बघत बाहेर आली. पिंपळावरच्या मुंज्याला तिने कोडी घालून दमवलं. मुलांची पत्रं येतात, पुढच्या वेळी हडळ घ्या, खवीस घ्या. या वर्षी संपादक म्हणाले, "तुमच्या भागातलं काही द्या ना." मी विचार न करता बोलून गेले, आसरा देते.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. केनवडजवळच्या आमच्या शेतात विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत, त्याच त्या. घरात त्यांना कुणी नावाने बोलावत नाही. आई 'बाया' म्हणायची.

मी साडेसहा वर्षांची असताना माझी मोठी बहीण त्या विहिरीत गेली. ती आठची होती. तेव्हा विहिरीला कठडा नव्हता. आम्ही दोघी काठावर लिंबोळ्या वेचत होतो, आणि तिने मला झाडाखालचा तांब्या आणायला पाठवलं. मी तांब्या घेऊन आले तेव्हा काठावर लिंबोळ्यांचा तिचा ढीग होता, ती नव्हती. एवढंच मला आठवतं. बाकीचं लोकांकडून ऐकलेलं आहे. लोक म्हणाले, बायांनी नेली.

वडिलांनी दुसऱ्या वर्षी कठडा बांधला आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. आईने मात्र लोकांचं म्हणणं उचललं आणि आपल्या पद्धतीने पुरं केलं. "तिथं सात मावश्या हायेत तिले," ती म्हणायची. "एकटी नाई ते."

दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी आई विहिरीवर जायची. दगडांना हळदकुंकू लावायची, दहीभात ठेवायची आणि हिरव्या बांगड्या पाण्यात सोडायची. बायांसाठी सात जोड. आठवा जोड बहिणीचा. पहिल्या वर्षी तो लहान मुलीच्या मापाचा होता. पुढच्या वर्षी थोडा मोठा. ती तिथे वाढते आहे, हे आईने धरूनच चाललेलं होतं, आणि माप घ्यायला घरात मी होते. रिसोडच्या मनियाराच्या दुकानात आई मला पुढे बसवायची. बांगडी माझ्या मनगटावर चढवायची, फिरवून बघायची, काढून घ्यायची आणि म्हणायची, "याच्याहून एक माप मोठं द्या. ते अंगानं भरेल होती." मला त्या बांगड्या हव्या असायच्या. एकदा मी हात घट्ट मिटून धरला. आई रागावली नाही, साबण मागवला आणि काढून घेतली.

माझं लग्न होऊन मी वाशीमला आले तरी हे थांबलं नाही. फोन यायचा. "तुह्या हाताले कोन्तं माप बसते वो आता?"

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी बी.ए.ला असताना एका उन्हाळ्यात विहीर आटली. वडिलांनी गाळ काढायला माणसं लावली. विहिरीवर उभारलेली यारी दोराने गाळाचं टोपलं वर आणायची आणि काठावर रिकामं करायची. मी सावलीत पुस्तक घेऊन बसले होते. दुपारी वरचा गडी ओरडला, "ओ ताई, तुमच्या विहिरीत तं बांगड्याचं दुकान निंगालं!"

मी जाऊन पाहिलं. काळ्या चिखलात हिरव्या बांगड्या होत्या. काही तुकडे, पण कितीतरी अख्ख्या. लहान, त्याहून मोठ्या, त्याहून मोठ्या. माझ्या मनगटावर चढून उतरलेल्या सगळ्या. बांधावरून आई चहाची किटली घेऊन येताना दिसत होती. मी गड्यांना म्हटलं, हा गाळ पलीकडे नाल्यात टाका, आत्ताच्या आत्ता. ते हसत होते, पण माझा चेहरा पाहून त्यांनी टाकला.

आईने कप भरता भरता विचारलं, "काई निंगालं का गाळात?"

"एक घागर. अन् बाबांची जुनी चप्पल."

"दुसरं काईच नाई?"

"नाई."

आईने मान हलवली आणि सातही दगडांसमोर एकेक घोट चहा सांडला. तिला असं करताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर वीसहून जास्त वर्षं गेली. वडील गेले. या आषाढात चित्रकाराने आसरांची पहिली चित्रं फोनवर पाठवली तेव्हा आई माझ्याकडे होती. मी तिला दाखवली. तिने चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला.

"ह्या कोन वो?"

"आसरा."

"ह्या? अगं माय! नखं पाह्य केवढाले. भांडे कशे घासत असतीन?"

मी हसले. तीही हसली. मग तिने चित्र बोटाने मोठं केलं. एकेकीचा हात बघितला. सगळ्यांचे हात हिरवट, खवल्यांचे, मोकळे होते.

"हाती तं काईच नाई ह्यायच्या," ती म्हणाली. "बांगड्या कुठं गेल्या मंग? एवढ्या वर्साच्या?"

मी म्हणाले, चित्रकाराला माहीत नसेल. आई म्हणाली, "मंग सांग त्याले." थोड्या वेळाने तिने गोष्ट विचारली. मी सांगितली, की सायकलवाली मुलगी विहिरीत उतरते, आसरांशी झुंजते, त्यांनी पकडून ठेवलेल्या मुलीला वर आणते.

"काहून वर आन्ते तिले?" आई म्हणाली. "वर कोन हाये आता? मी हाओ, तं मी कितीक दिवसाची?"

पोळ्याच्या आधी आई गेली. झोपेतच गेली, कुणाला त्रास न देता. चित्रकाराला मी काहीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून हे पान अडलं आहे. संपादकांचं म्हणणं खोटं नाही. "मॅडम, वाचणारं मूल दहा वर्षांचं असतं," ते म्हणतात. "त्या मुलीला विहिरीत ठेवून आपण अंक मिटायचा का? मुलं झोपतील का त्या रात्री?" मी स्वतः कितीतरी रात्री झोपले नव्हते, हे मी त्यांना सांगत नाही. मलाही ती वर यायलाच हवी होती. पहिला शेवट मी तसाच लिहिला, सात दगड फोडून, मुलीला पाठीवर घेऊन. वाचला आणि उठले. दुसऱ्यात आसरा तिला आपणहून सोडतात. पुन्हा उठले. तिसऱ्यात विहिरीत कुणीच नसतं, नुसता गाळ असतो. तो खरा होता. तो मी लगेच पुसला.

दिवाळी झाली, मंगळवार जवळ आला होता. नेम कोण पाळणार, असं मला कुणी विचारलं नाही. तरी मी रजा टाकली, सकाळची बस धरून रिसोडला आले आणि मनियाराच्या दुकानात गेले. मनियार चाचा आता फार थकले आहेत, दुकान सून बघते, पण ते गादीवर असतात.

"आई नाई आली?"

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग सुनेला म्हणाले, "हिरव्या काढ. सात जोड दोन सहाच्या, एक जोड दोन आठचा."

"यंदाचं माप मला माहीत नाही, चाचा."

"मले हाये ना. चार साल झाले, दोन आठच नेते. म्हने, आता हात वाढत नाई, बाई झाली ते." ते हसले. "मी एक डाव म्हनलं, भाभी, पान्यात काहून टाकता काच? तं मलेच रागावली. म्हने, तुमाले काय मालूम, आमच्या विहिरीचा गाळ काढला तं एक बांगडी नाई निंगाली. माह्या पोरीनं आपल्या डोळ्यानं पाह्यलं. घालतेत त्या."

माझ्या पोरीनं. 

सुनेने माझा हात पुढे ओढला. नेहमीची सवय असणार. दोन आठचा जोड सहज चढला आणि सैल पडला, हात खाली केला असता तर गळून गेला असता. "मोठी होते तुमाले," ती म्हणाली आणि काढायला लागली.

"राहू द्या," मी म्हणाले.

तिथेच उजेडाकडे हात धरून फोटो काढला आणि चित्रकाराला पाठवला. खाली लिहिलं: सातही जणींच्या हातात अशा बांगड्या हव्यात, नखं नकोत. खाली असलेली मुलगी लहान नको. ती पूर्ण वाढलेली बाई आहे, तिच्या हातातल्या बांगड्या सगळ्यांत मोठ्या. सायकलवाली तिला न्यायला जाते आणि ती विचारते, आई कशी हाये? वर सायकलवाली एकटीच येते.

त्याचं उत्तर लगेच आलं. "मॅडम, मग भीती कुठे आहे?"

मी फोन पर्समध्ये टाकला आणि दुकानातून निघाले. संपादकांचा फोन वाजायला लागला तेव्हा मी केनवडच्या जीपमध्ये मागच्या बाकावर होते. बांगड्यांचा पुडा मांडीवर होता, आणि खड्ड्यांतून जाताना तो जोड सरकू नये म्हणून हात कोपरात दुमडून मी छातीशी धरला होता. फोन दुसऱ्या हाताने घेता आला असता. तो वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. विहीर अजून दोन मैल होती.